प्रवेश सर्वांना, पदवी किती जणांना?
अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांच्या सुधारणेचा आढावा

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात प्रवेशासाठी कट-ऑफ नसतो, गुणवत्ता यादी लागत नाही आणि देणगीही द्यावी लागत नाही. हायस्कूल पूर्ण केलेल्या कोणालाही, कोणत्याही वयात, तिथे नाव घालता येते. अशी सरकारी कॉलेजे देशभरात हजाराच्या आसपास आहेत. दोन वर्षांची असोसिएट पदवी, वेल्डिंगपासून नर्सिंगपर्यंतची प्रमाणपत्रे आणि विद्यापीठीय शिक्षणाची पहिली दोन वर्षे स्वस्तात पुरी करण्याची सोय, ही त्यांची तीन मुख्य कामे. देशातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी येथेच शिकतात. नोकरी करणारे, मुले सांभाळणारे, स्थलांतरित आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारे यांचे प्रमाण त्यांत मोठे असते.

पण आत आलेल्यांचे पुढे काय होते? पूर्ण वेळ शिकण्यासाठी पहिल्यांदाच आलेल्या दर दहा जणांपैकी सुमारे तिघे तीन वर्षांत अभ्यासक्रम पुरा करतात. त्याआधीच विद्यापीठात गेलेले यात धरलेले नाहीत. अर्धवेळ विद्यार्थी आणि कॉलेज बदललेलेही मोजले आणि सहा वर्षांची मुदत दिली, तरी आकडा दहांतल्या चार-साडेचारांच्या पुढे फारसा सरकत नाही. येणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांच्या मनात चार वर्षांची पदवी असते. सहा वर्षांनी ती हाती असलेले शंभरात सोळाच्या आसपास निघतात. गेली वीस-पंचवीस वर्षे ही गळती थांबवण्यासाठी राज्य सरकारे, धर्मादाय प्रतिष्ठाने, संशोधक आणि स्वतः कॉलेजे झटत आहेत. त्यातून काय साधले आणि काय साधले नाही, हे पाहण्याइतका पुरावा आता जमा झाला आहे.

विस्ताराचे शतक

या कॉलेजांची सुरुवात १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी झाली. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या प्रेरणेने तिथल्या हायस्कूलला दोन वर्षांचे वाढीव शिक्षण जोडले गेले. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते सहा. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणावे अशी शिफारस केली. साठच्या दशकात तर नवी कॉलेजे झपाट्याने निघत गेली.

त्याच काळात एका समाजशास्त्रज्ञाने अडचणीचा मुद्दा मांडला होता. बर्टन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील कॉलेजाचा अभ्यास करून १९६० मध्ये लिहिले, की ही कॉलेजे विद्यार्थ्याला दारातून परत पाठवत नाहीत; चाचण्या, समुपदेशन आणि पूर्वतयारीचे वर्ग यांमधून त्याच्या आकांक्षा हळूहळू थंड करतात. व्यवस्था दोषमुक्त राहते आणि अपयशाची जबाबदारी विद्यार्थ्याकडे जाते. क्लार्क यांच्या या निरीक्षणावर पुढे पुष्कळ वाद झाला. तरी अनुदान डोकी मोजून मिळत राहिल्याने कॉलेजांना आत किती आले एवढेच सांगावे लागे. बाहेर किती जण काय घेऊन पडले, हे कोणी विचारत नव्हते.

विचारणा सुरू झाली ती १९९० च्या कायद्याने. पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जाहीर करणे त्याने कॉलेजांना बंधनकारक केले. १९९६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्र उभे राहिले. २००४ मध्ये लुमिना फाउंडेशनच्या पुढाकाराने ‘अचीव्हिंग द ड्रीम’ हा उपक्रम सुरू झाला. प्रत्येक कॉलेजाने स्वतःची आकडेवारी तपासावी, विद्यार्थी नेमके कुठे गळतात ते शोधावे आणि तिथे उपाय करावा, असे त्याचे सूत्र होते. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी जुलै २००९ मध्ये मिशिगनच्या मॅकोम कम्युनिटी कॉलेजात उभे राहून २०२० पर्यंत ५० लाख जादा पदवी व प्रमाणपत्रधारक घडवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, तेव्हा हा विषय राष्ट्रीय राजकारणात आला. मागितलेले १२ अब्ज डॉलर मात्र काँग्रेसमध्ये आटून दोन अब्जांवर आले.

‘अचीव्हिंग द ड्रीम’च्या पहिल्या २६ कॉलेजांचे मूल्यमापन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉलेजे आकडेवारी पाहायला शिकली होती, पण विद्यार्थ्यांचे निकाल जवळजवळ जिथल्या तिथेच होते. उपाय सुटे आणि छोटे होते. कुठे शिकवणी वर्ग, कुठे ‘कॉलेजात कसे शिकावे’ हा कोर्स, आणि तोही मूठभर विद्यार्थ्यांसाठी. बाकीचे कॉलेज होते तसेच चालू होते.

पूर्वतयारीचा सापळा

सर्वांत मोठी गळती सापडली ती पूर्वतयारीच्या वर्गांत. कॉलेजात आल्याबरोबर विद्यार्थ्याला संगणकावर एक चाचणी द्यावी लागे. तीत कमी गुण पडले की त्याची रवानगी शाळेच्या पातळीवरील गणित किंवा इंग्रजीच्या वर्गात होई. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांच्या वाट्याला हे येई. या वर्गांना फी पडे, वेळ लागे, पण पदवीच्या क्रेडिटमध्ये ते धरले जात नसत. काहींना तर असे तीन-तीन वर्ग एकापाठोपाठ करावे लागत. आपल्याकडे एटीकेटी मिळाली की मागचा विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्षाला बसता येते. इथे मागचे संपल्याखेरीज पुढचे सुरूच होत नसे.

हेतू चांगला होता, पण गणित उलटे बसले. प्रत्येक टप्प्यावर शंभरातले ७५ जण पुढे सरकले असे धरले, तरी चार टप्प्यांनंतर जेमतेम ३२ उरतात. प्रत्यक्षातील चित्रही याच्या जवळचेच होते. थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ कॉलेजांची आकडेवारी तपासून २०१० मध्ये दाखवले, की गणिताच्या पूर्वतयारीला पाठवलेल्यांपैकी ३३ टक्के आणि वाचनाच्या पूर्वतयारीला पाठवलेल्यांपैकी ४६ टक्केच ती साखळी पूर्ण करतात. सुमारे ३० टक्के विद्यार्थी तर एकाही वर्गात नाव घालत नाहीत. नापास होण्याआधीच ते निघून जातात. पुढे ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या अभ्यासाने चाचणीचेच पितळ उघडे पाडले. गणितात चारांतला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी चाचणीने साफ चुकीच्या वर्गात टाकला होता, आणि शाळेतील चार वर्षांचे गुण या चाचणीपेक्षा चांगला अंदाज देत होते. सर्रास वापरली जाणारी ‘कंपास’ चाचणी तिच्या चालकांनी २०१६ मध्ये बंद केली.

मग राज्यांनी कायदे केले. फ्लोरिडाने २०१३ मध्ये बहुतेक नव्या विद्यार्थ्यांसाठी पूर्वतयारी ऐच्छिक केली. टेनेसीने २०१५ पासून विद्यार्थ्याला थेट पदवीच्या वर्गात बसवून त्याच सत्रात जोडीला आधारवर्ग देण्याची पद्धत लावली. ११६ कॉलेजांचा पसारा असलेल्या कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा करून विद्यार्थ्याला कोणत्या वर्गात बसवायचे याचा मुख्य आधार शाळेचे गुण हाच ठरवला. पहिल्या सत्रातच पदवी पातळीचे गणित उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण तिथे दुपटीहून अधिक वाढले.

इथे थांबून दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. पहिली अशी, की थेट वरच्या वर्गात बसणारे वाढले तसे त्या वर्गात नापास होणारेही संख्येने वाढले. कॅलिफोर्नियातील अनेक प्राध्यापकांची तक्रार आहे, की आधारवर्ग पुरेसे न देताच दार मोकळे केले गेले आणि कच्च्या विद्यार्थ्याला पाय रोवायला जागाच उरली नाही. ही तक्रार झटकून टाकण्यासारखी नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. टेनेसीच्या अभ्यासात पहिला गणित-इंग्रजीचा अडथळा पार करणारे ठळकपणे वाढले, पण पदवी मिळवणाऱ्यांच्या संख्येत म्हणावा असा फरक दिसला नाही. एक खड्डा बुजवला तरी पुढच्या रस्त्यावर बाकीचे खड्डे होतेच.

याला अपवाद वाटावा असा एक प्रयोग न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत, म्हणजे क्युनीत, झाला. ॲलेक्झांड्रा लोग आणि सहकाऱ्यांनी बीजगणिताच्या पूर्वतयारीला पाठवलेले विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्यासारखे विभागले. काहींना तोच वर्ग दिला, तर काहींना थेट पदवीचे संख्याशास्त्र आणि सोबत आठवड्याची कार्यशाळा दिली. पूर्वतयारीच्या बीजगणितात ३९ टक्के उत्तीर्ण झाले. त्याहून वरच्या पातळीच्या संख्याशास्त्रात ५६ टक्के झाले आणि तीन वर्षांनी त्यांच्यात पदवीधरही शंभरामागे सुमारे आठ जणांनी अधिक निघाले. समाजकार्य किंवा फौजदारी न्याय शिकणाऱ्याला वर्गसमीकरणे सोडवत का बसवायचे, हा प्रश्न त्यातून पुढे आला. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याला बीजगणित आणि इतरांना संख्याशास्त्र, अशा वेगवेगळ्या वाटा आता बऱ्याच राज्यांनी आखल्या आहेत.

निवडीचे ओझे

वाट आखून देण्याचा हाच विचार संपूर्ण कॉलेजाला लावणारे पुस्तक २०१५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनातून आले. थॉमस बेली, शॅना स्मिथ जॅगर्स आणि डेव्हिस जेन्किन्स यांनी त्यात आजच्या कम्युनिटी कॉलेजला कॅफेटेरियाची उपमा दिली. शेकडो कोर्स मांडून ठेवलेले, त्यातले काय एकमेकांशी जुळते आणि काय विद्यापीठात चालेल हे सांगणारा कोणी नाही. एकेका सल्लागाराकडे शेकडो, कधी हजाराहून अधिक विद्यार्थी. ज्या घरात कॉलेजचा अनुभव आहे त्या मुलाला जेवणाच्या टेबलावर सल्ला मिळतो. ज्याच्या घरात नाही, तो चुकीचे कोर्स घेऊन पैसे आणि सत्रे वाया घालवतो.

त्यांनी सुचवलेल्या ‘गाइडेड पाथवेज’ पद्धतीत सुरुवातीलाच आरोग्य, व्यवसाय, तंत्रज्ञान असे मोजके विभाग केले जातात. प्रत्येकात सत्रवार कोर्सचा आराखडा ठरलेला असतो, आणि विद्यार्थी त्यावरून घसरला की सल्लागाराला सूचना जाते. शेकडो कॉलेजांनी ही पद्धत स्वीकारली आहे. टीकाकारांना मात्र यात अठरा वर्षांच्या मुलाला फार लवकर एका चाकोरीत ढकलण्याचा धोका दिसतो. मानव्यविद्येच्या प्राध्यापकांना आपले वैकल्पिक विषय आराखड्याबाहेर पडण्याची धास्ती आहे. परिणामांचे चित्र राज्यागणिक वेगळे असून ठाम निष्कर्ष काढावा असा एकसंध पुरावा अद्याप नाही. कागदावरचा आराखडा बदलणे सोपे जाते. सल्लागारांची संख्या वाढवायला पैसा लागतो आणि बहुतेक ठिकाणी घोडे तिथेच अडले आहे.

फी माफ, तरी पोट रिकामे

सर्वसामान्य मतदाराला सहज समजणारी सुधारणा म्हणजे फीमाफी. टेनेसीचे रिपब्लिकन गव्हर्नर बिल हॅस्लम यांनी ‘टेनेसी प्रॉमिस’ योजना आणली आणि २०१५ पासून हायस्कूलमधून थेट येणाऱ्यांना कम्युनिटी कॉलेज मोफत झाले. अटींमध्ये मार्गदर्शकाच्या बैठकांना हजेरी आणि प्रत्येक सत्रात आठ तास समाजसेवा यांचा समावेश होता. पहिल्याच वर्षी हायस्कूलनंतर कॉलेजात जाणाऱ्यांचे प्रमाण ५८ वरून ६४ टक्क्यांवर गेले. कोरोनानंतर, २०२१ मध्ये, ते ५३ टक्क्यांपर्यंत खालीही आले. फी माफच होती. बाहेर मजुरी वाढली होती आणि घरी पैशाची निकड होती.

या योजनेतील खोच अशी, की इतर सर्व अनुदाने वजा जाता उरलेली फी तेवढी ती भरते. सर्वांत गरीब विद्यार्थ्याची फी केंद्राच्या पेल अनुदानातून आधीच भागलेली असते. म्हणजे नवा पैसा मुख्यतः त्याच्याहून बऱ्या स्थितीतल्यांकडे जातो, आणि गरिबाचे घरभाडे, पेट्रोल, पाळणाघर होते तसेच राहते. राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी २०२१ मध्ये देशभर दोन वर्षे मोफत करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांच्या पत्नी जिल बायडेन स्वतः नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात शिकवत होत्या. तरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाटाघाटींत तो प्रस्ताव गळाला.

फीपलीकडच्या गरजांकडे समाजशास्त्रज्ञ सारा गोल्डरिक-रॅब यांनी लक्ष वेधले. पोटभर अन्न आणि राहायला खात्रीची जागा नसलेले विद्यार्थी कॉलेजात आहेत आणि संख्येने थोडे नाहीत, हे त्यांच्या पाहण्यांनी दाखवले. टेक्सासच्या अमारिलो कॉलेजने आपल्या विद्यार्थ्यांना शिक्षणातले अडथळे विचारले, तेव्हा त्यांनी सांगितलेल्या मुख्य अडचणींत अभ्यास नव्हताच. पोट, प्रवास आणि मुलांचा सांभाळ होता. अध्यक्ष रसेल लोअरी-हार्ट यांनी धान्यकोठार, समाजसेवक आणि तातडीची मदत कॉलेजच्या मध्यवर्ती जागी आणली आणि सोळा आठवड्यांच्या सत्रांऐवजी बहुतेक कोर्स आठ आठवड्यांचे केले. एका वेळी दोनच विषय असले की नोकरी सांभाळणे जमते, आणि गाडी बिघडल्यामुळे शिक्षण सुटलेच तर अख्खे सत्र बुडत नाही. २०२३ मध्ये या कॉलेजला अ‍ॅस्पेन पुरस्कार विभागून मिळाला. कम्युनिटी कॉलेजांसाठी हा देशातील सर्वांत मानाचा पुरस्कार मानला जातो.

सगळे एकत्र केले तेव्हा

आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा क्युनीच्याच ‘एसॅप’ या कार्यक्रमाचा आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात वेगळी जादू काही नाही. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकायचे. बदल्यात अनुदानानंतर उरलेली फी माफ, पुस्तकांचा खर्च आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोचा पास मोफत. तास जवळजवळ एका सलग वेळेत. शिकवणीची सोय आणि नोकरीचे मार्गदर्शन. आणि सर्वांत महत्त्वाचे, नावानिशी ओळखणारा सल्लागार. त्याच्याकडे विद्यार्थी मोजके असत आणि भेट ऐच्छिक नसे. मेट्रो पास हवा तर ठरलेल्या कामांची पूर्तता दाखवावी लागे.

एमडीआरसी या संशोधन संस्थेने क्युनीच्या तीन कॉलेजांत ८९६ गरीब आणि पूर्वतयारीला पाठवलेल्या विद्यार्थ्यांवर यादृच्छिक चाचणी घेतली. तीन वर्षांनी नेहमीच्या व्यवस्थेतील २२ टक्के विद्यार्थी पदवीधर झाले होते आणि एसॅपमधील ४० टक्के. अमेरिकी उच्च शिक्षणात इतका मोठा फरक अशा चाचणीत क्वचितच दिसला आहे. न्यूयॉर्कपुरतेच हे असेल अशी शंका होती; ओहायोच्या तीन कॉलेजांनी तोच नमुना राबवला आणि १९ ऐवजी ३५ टक्के विद्यार्थी पदवीधर झाले. सहा वर्षांनी त्यांची कमाईही सुमारे ११ टक्क्यांनी जास्त होती.

खर्चाचा मुद्दा इथे कळीचा ठरतो. न्यूयॉर्कच्या चाचणीत एसॅपवर प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत सुमारे १६,३०० डॉलर अधिक खर्च झाले. आकडा ऐकून कोणताही अर्थमंत्री कपाळाला हात लावेल. पण पदवीधर जवळजवळ दुप्पट झाल्याने दर पदवीमागचा खर्च ११ टक्क्यांनी कमी भरला. स्वस्त कॉलेज म्हणजे स्वस्त पदवी नव्हे, हे यातून सिद्ध होते. अर्धवट सोडलेल्या शिक्षणावरचा खर्च कोणाच्याच खात्यावर दिसत नाही, म्हणून ते स्वस्त वाटते इतकेच.

न सुटलेल्या गाठी

तरीही तीन गाठी जिथल्या तिथे आहेत. पहिली विद्यापीठात जाण्याची. २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली, असा सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाचा अंदाज आहे. ऑरलँडोच्या व्हॅलेन्सिया कॉलेजने सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाशी थेट प्रवेशाचा करार करून ही गाठ सोडवली आणि २०११ मध्ये पहिला अ‍ॅस्पेन पुरस्कार मिळवला. पण जिथे विद्यापीठाला असा करार करण्याची गरज वाटत नाही, तिथे कम्युनिटी कॉलेज एकटे काही करू शकत नाही.

दुसरी गाठ शिक्षकांची. सुमारे दोन-तृतीयांश अध्यापक अर्धवेळ आहेत. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांसारखे ते एका कॉलेजातून दुसऱ्यात धावत असतात, आणि बसायला खोली नसलेल्या माणसाकडून विद्यार्थ्याला वर्गाबाहेर वेळ देण्याची अपेक्षा धरली जाते. गंमत अशी, की सुधारणेच्या बहुतेक योजना सल्लागार, संगणक प्रणाली आणि आराखडे यांभोवती फिरल्या. वर्गात काय आणि कसे शिकवले जाते, हा विषय मागेच राहिला. उत्तीर्णांचा आकडा वाढला म्हणजे शिकणे वाढले असे गृहीत धरण्याची घाईही त्यातूनच होते.

तिसरी गाठ पैशाची. काही राज्यांनी पदव्यांच्या संख्येवर अनुदान बांधून पाहिले. वॉशिंग्टन राज्याच्या २००७ मधील योजनेच्या अभ्यासात असोसिएट पदव्या न वाढता अल्पमुदतीची प्रमाणपत्रे तेवढी वाढलेली दिसली. जे मोजले जाते ते सोप्या मार्गाने वाढवले जाते.

भारताने ही कल्पना उचलली आहेच. १९९५ मध्ये पुदुच्चेरीत पहिले कम्युनिटी कॉलेज निघाले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत स्वतंत्र योजना आणली. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही तिची अंमलबजावणी सुरू आहे. बाहेर पडण्याची सोय आणि गळती यांत फरक करायचा, तर प्रमाणपत्र घेऊन गेलेल्यांपैकी किती जण परत आले हे प्रत्येक विद्यापीठाने पहिल्या वर्षापासून मोजून जाहीर केले पाहिजे. अमेरिकेने हा हिशेब मांडायला जवळजवळ नव्वद वर्षे लावली.

अमेरिकेच्या पंचवीस वर्षांच्या खटाटोपातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. एकच अडथळा दूर करणाऱ्या स्वस्त सुधारणांचा लाभ पहिल्या एक-दोन सत्रांत दिसतो आणि पुढे बहुतेकदा विरतो. अनेक अडथळे एकाच वेळी, सलग तीन वर्षे दूर ठेवले आणि विद्यार्थ्याची चौकशी करणारा एक जबाबदार माणूस नेमला, तर पदवीधर जवळजवळ दुप्पट होतात. काय केले पाहिजे हे आता माहीत आहे. राज्यकर्त्यांनी खर्च दर विद्यार्थ्यामागे मोजण्याऐवजी दर पदवीमागे मोजायला सुरुवात केली, तरच ते मोठ्या प्रमाणावर घडेल.